उजवीकडे सरकवलेली खूण

बेळगावात, इस्पितळाच्या तळमजल्यावर
माझा संगणक पायऱ्या काढतो.
कुणी गेलं की एक पायरी खाली.
मधलं सपाट म्हणजे
तेवढ्या दिवसांत कुणी गेलं नाही, इतकंच.

इंदूताई मगदूम. सत्तावन्न. निपाणी.
एकतीस वर्षं वखारीत तंबाखू चाळली.
डॉक्टर हिरेमठ कन्नडात विचारतात, मी मराठीत सांगते,
मॉडेल दोन्हीत बोलत नाही.
ते फक्त तिची रेघ
सगळ्यांच्या रेघेखालून काढतं.

का, हे विचारायला शिकले त्याला गेल्या वर्षी.
हिशेब वडापच्या जीपसारखा:
आधी कोण चढलं त्यावर ठरतं
कुणाच्या वजनानं गाडी किती बसली.
म्हणून सगळ्यांना सगळ्या क्रमांनी चढवायचं.
वय आधी, धूळ मागून.
धूळ आधी, गाठ मागून, वय टपावर.
मग सरासरी.
हा तुझा वाटा, हा तुझा.

पहिले सहा महिने गाठच सगळं खाते.
धूळ मुकाट, एका उंचीवर.
दुसऱ्या वर्षी मात्र एक रकाना वर येतो
जो मी गाळणारच होते:
घर ते इस्पितळ, पंच्याहत्तर किलोमीटर.

आणि त्या बारीक उभ्या खुणा.
निपाणीची माणसं मध्येच थांबतात यायची.
कोल्हापूर जवळ, लेक तिकडे दिलेली,
राज्य ओलांडलं की आमची वही संपते.
मेली म्हणता येत नाही.
आहेत, असंही लिहिता येत नाही.
इथवर होती.

"मग ह्यात माजं किती, बाई?"
मी म्हटलं, इंदूताई, हे तुमच्या छातीचं नाही,
यंत्राच्या डोक्यात काय चाललंय त्याचं चित्र आहे.
"डोस्कं त्याचं दुखतंय व्हय?
मग गोळ्या मला का?"
हिरेमठांना हे कन्नडात सांगताना
माझं निम्मं हसू वाटेतच सांडलं.

श्रावणातल्या तारखेला ती आली नाही.
गणपती गेले. फोन बंद.
खूण करायला बोट ठेवलं, आणि ठेवूनच बसले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी अनोळखी नंबर.
मागे कुकरची शिट्टी, कुणाचं तरी पोर रडतंय.
"लेकीकडं हाय. कागल.
बस लई हादरवती, बाई. पण हाय की."

अंतराच्या रकान्यात
कुठलं गाव लिहावं, कळेना.
खूण तेवढी दोन महिने
उजवीकडे सरकवली.