खाच

लवू कोयंडे धक्क्यावरून आला
तेव्हा पंपाचा बुश कोळंबीच्या पिशवीत होता.
अच्युत मेस्त्रींनी तो आधी हुंगला,
आतून अंगठा फिरवला,
आणि माझ्याकडे सरकवला. "वाच."

मी नवी. आयटीआयची वही अजून करकरीत.
वहीत होतं : गरज, मर्यादा, आराखडा, नमुना, चाचणी.
या वाटेने वस्तू जन्माला येते.
देवगडात मात्र ती उलट्या पायांनी येते, हडळीसारखी,
मेलेली, मिठाने हिरवी पडलेली,
आणि आपण तिला विचारायचं,
बाई, तू होतीस कशासाठी?

मी व्हर्नियर लावला. आतला व्यास. बाहेरचा. लांबी.
मेस्त्रींनी लेथ बंद केला.
"झिजलेलां मापलंस गो. ह्यां दर्यान केलेलां माप.
कंपनीन केलेलां खंय आसा?"

मग त्यांनी दाखवला
सीलखाली लपलेला दोन सुतांचा काठ,
जिथे शाफ्ट कधी पोचलाच नव्हता.
तिथला गनमेटल अजून पिवळा, पहिल्या दिवसासारखा.
बत्तीस, आणि वर तीन शतांश.
राबलेल्या जागी मूळ माप उरत नाही.

वहीतल्या 'सूट' या शब्दाला
मी तोवर माफी समजत होते.
शाफ्ट आणि बुश यांच्यात इतकीच फट हवी
की पाण्याचा पापुद्रा शिरेल
आणि पुळणीचा कण बाहेर राहील.
जास्त झाली की खडखड,
कमी झाली की घट्ट मिठी, आणि मिठीत दोघंही जळतात.

उरली एक खाच.
तिरकी, आखूड, तोंडापाशी सुरू होऊन
मध्येच विसरल्यासारखी थांबलेली.
"ही कशाला?"
"म्हायत नाय."
"मग काढू या?"
"कित्याक आसा तां कळल्याशिवाय काढू नको."

काढणं म्हणजे पुसणंही आणि रेखाटणंही.
मी ती काढली. म्हणजे रेखाटली,
आणि शेजारी एक बारीक प्रश्नचिन्ह घातलं.

भंगाराच्या डब्यात अकरा होड्यांचे जुने बुश होते.
अकराही खाचवाले.
मला वाटलं, केवढा विचार केला असेल
दूरच्या देशातल्या त्या न पाहिलेल्या माणसाने!

आठवड्याने कोचीहून कंपनीचा पार्ट आला,
तेलकट कागदात, शिक्क्यासकट.
आतून गुळगुळीत.
खाच नव्हती.

मेस्त्री बराच वेळ स्टुलावर बसले.
मग मागच्या पडवीत गेले,
वडलांच्या जुन्या लेथवरचं गोणपाट उचललं,
सॅडल हाताने हलवून पाहिलं.
एका ठिकाणी ते खट्कन घसरलं.
तिरकं. आखूड. तेवढंच.
"भिकाजीच्या मशिनीक झोल होतो," ते म्हणाले,
बाप न म्हणता, नुसतं नाव.

म्हणजे एक हिसका.
त्याची नक्कल, नकलेची नक्कल,
दर खेपेला शतांशापर्यंत अचूक उतरवलेली.
मी म्हटलं, "म्हणजे चूकच होती."
कुणी उत्तर दिलं नाही.

लवू दारातच उभा होता, पायात ओली रबरी बुटं.
कंपनीचा बुश त्याने उजेडात धरला,
आतून बोट फिरवलं, परत दिला.
"खाच नाय तर माका नको.
धा वर्सां पंप तापाक नाय माजो."

कदाचित पुळण तिथून बाहेर पडत असेल.
कदाचित नसेल. चाचणी कुणी केली होती?
अकरा होड्यांनी, दर पहाटे, वही न ठेवता.

मेस्त्रींनी कोरा करकरीत पार्ट चकात धरला
आणि बापाची चूक
या वेळी मुद्दाम केली.

आराखड्याच्या कोपऱ्यात चौकटी असतात :
काढणार. तपासणार. मूळ आरेखक.
शेवटच्या चौकटीत मी पेन्सिलीने हलकेच लिहिलं,
भिकाजी मेस्त्री.
प्रश्नचिन्ह खोडायला रबर उचलला
तर त्यांनी हात धरला. "तां ऱ्हवांदे."
मग चष्मा कपाळावर ढकलून
खालच्या चौकटीकडे बघत राहिले.

"पेनान लिव गो."