तक्ता क्रमांक तीन

तुर्कूत नोव्हेंबरात तीनलाच दिवे लावावे लागतात.
सिर्का लेहतोवारा
छापून आलेला निबंध चाळते आहे :
डाव्या स्तनाचा कर्करोग, किरणोपचार,
आणि पंचवीस-तीस वर्षांनी चिंचोळ्या झालेल्या हृदयधमन्या.
बारा पानं. सहलेखक नऊ.

ओळ एक्केचाळीस :
वय बासष्ट, धूम्रपान नाही, अडथळा सत्तर टक्के.

रकान्यात मावलं नाही ते असं की
ही बाई तपासणीला येताना राईचा पाव आणायची,
फडक्यात गुंडाळलेला, कोमट.
अँजिओग्राफीच्या पडद्याकडे बघून म्हणाली होती,
"आउरा नदीच की ही. कडेकडेनं गोठत येतेय."

मग कोट चढवताना, पाठमोरी :
"किरणांनीच वाचवलं ना पण मला?"
हो.
"मग फार वाईट नका लिहू त्यांच्याबद्दल.
मुलगी सहाची होती तेव्हा.
परवा तिनं पहिला पिकला केस उपटला."

सिर्कानं लिहिलंय : मात्रा घटवता येईल,
श्वास रोखायला सांगून
हृदय झोतापासून जरा लांब नेता येईल.
'जोखीम' हा शब्द सतरा वेळा आलाय.
आज मोजला.

टेबलाच्या खालच्या खणात
ते फडकं आहे अजून,
धुतलेलं.
द्यायचं राहून गेलं.