चौदा उभे

हेक्समच्या ग्रंथालयावरची खोली, गुरुवार, संध्याकाळचे सात.
हीटर खोकतो, मग विचार बदलतो.
सहा पट, अकरा माणसं;
बारावा नेहमी गुडघ्यामुळे घरी.

माझ्यासमोर एडविन मिलबर्न.
चाळीस वर्षं सिग्नलच्या केबिनमध्ये काढलेला,
त्यामुळे वाट बघणं त्याला हातच्या कामासारखं येतं.
मी विचारात पडले की तो कोटाच्या खिशातून
घडी घातलेलं वर्तमानपत्र काढतो,
कोडं वर, पेन्सिल कानावर.
दोनशे पंचवीस घरं, तीही काळी-पांढरीच.

पहिल्या हिवाळ्यात त्यानं शिकवलं:
‘फ्लॉवर’ दिसलं की फूल समजू नकोस,
जे ‘फ्लो’ होतं ते, म्हणजे नदी.
मी म्हटलं, आमच्याकडे फ्लॉवर म्हणजे भाजी.
तो इतका हसला की त्याचा उंट आडवा झाला.
उंट? हा तर बिशप, तो म्हणाला.
असेल.
पण तिरकं चालायची सवय बिशपला कुठून लागली,
हे त्यालाही सांगता येईना.

मी एक्स-रे काढायचे, सव्वीस वर्षं, इथल्याच इस्पितळात.
काचेवर सगळं उघडं असतं.
तडा तिथेच असतो, तुमच्याकडे बघत,
आणि तुम्ही बरगड्या मोजत बसता.
घोडा तसाच मारतो. कोड्यातलं वाक्यही.
लपवलेलं काहीच नाही,
फक्त आपण दुसरीकडे बघावं अशी सोय केलेली.
फसवणूकच, पण हिशेब चोख:
मागे जाऊन बघावं तर
प्रत्येक शब्दाला काम होतं, प्रत्येक प्याद्याला.
बाहेर इतक्या इमानानं कोण फसवतं?
गॅसचं बिल तर नाहीच.

कॅलम, वय सोळा, म्हणतो, उत्तर फोनवर मिळेल की.
आम्ही दोघं त्याच्याकडे बघतो
जेवत्या ताटात हात धुणाऱ्याकडे बघावं तसं.

कारण उत्तर कुणाला हवंय?
एडविन एकेक अडलेला शब्द तीन-तीन दिवस घेऊन हिंडतो,
दाढी करताना, कुत्र्यामागे, खाटकाच्या रांगेत.
मी भांडी घासताना हरलेला डाव पुन्हा हरते,
जरा बऱ्या रीतीनं.
आणि मध्येच मराठी शब्द उलटे करून बघते:
डाव उलटला की वडा.
मात उलटली की तमा.
ऐकायला कुणी नसतं. नळ असतो.

काल एडविन हरला.
अकरा गुरुवारांत पहिल्यांदा.
माझा हत्ती सातव्या पट्टीवर उतरला
आणि त्याच्या लक्षात यायला एक चहा लागला.
त्यानं राजा हळूच आडवा केला, हात मिळवला,
टोपी शोधू लागला.
बस दहा पाचची. घड्याळात नऊ वीस.

मी म्हटलं, माझ्या भाषेतलं एक घे.
वर्तमानपत्राच्या कडेला लिहिलं: हार.
त्यानं खाली उतरवून घेतलं, सिग्नलवाल्याच्या काळजीनं:
आधी वरची रेघ, रुळासारखी,
मग तिला एकेक अक्षर टांगत.
म्हणजे काय?
आज तुझ्या वाट्याला आलं ते.
आणि उलटं?
मी लिहिलं: रहा.
शुद्धलेखनवाले आणखी एक काना मागतील.
ते गुरुवारी हेक्समला येत नाहीत.

अर्थ सांगितला नाही, सूचना तेवढी दिली:
‘टोपी शोधणाऱ्याला उद्देशून. दोन अक्षरं.’

हीटर खोकला.
बाहेर टाइन, ते फ्लॉवर, अंधारात वाहत होतं.
एडविननं अक्षरांकडे बघितलं,
मग टोपीकडे, ती खुर्चीवरच होती,
मग तो तिच्यावरच बसला
आणि सोंगट्या मांडू लागला, त्याच्या आणि माझ्याही.
माझा वजीर त्यानं राजाच्या घरात ठेवला.
मी तो सरळ केला.
चौदा उभे अजून रिकामंच होतं.