इलारियाचे दात

चोवीस जानेवारी. बाराला वीस कमी.
आलासितासच्या जत्रेतले सगळे ठेले पालथे घातले.
बोटाएवढी घरं, नखाएवढ्या नोटा,
काडेपेटीत मावतील अशी सिमेंटची पोती,
पण दात कुणाकडेच नाहीत.

"दात?" तेओदोसियो हसला.
त्याचे सगळे शाबूत होते.
"बाई, लोक मोटार मागतात, पदवी मागतात, व्हिसा."
म्हटलं, ते सगळं मागून झालं.
वर्षभर ज्याच्यासाठी पैसे जमवायचे
ते बाराच्या ठोक्याला धुरात धरायला नको का?
रिकामा हात धरला तर रिकामंच मिळतं.

पहिल्यांदा आले तेव्हा बावीसची होते.
घेतलं चिमुकलं घर, लाल पत्र्याचं,
आणि सहा वर्षं पहाटे चारपासून आपी विकली,
जांभळ्या मक्याची, वाफाळती,
एल आल्तोच्या थंडीत, जिथे तोंडातून निघालेली वाफसुद्धा
माघारी घरात शिरू बघते.
दुधाच्या पावडरीचा डबा. तळाशी नोटा, वर किन्वा.

मग ते वर्ष आलं.
सकाळी डब्यात अख्खं घर होतं, दुपारी नुसतं दार,
संध्याकाळी कडीकोयंडा आला असता,
दुकान उघडं असतं तर.
वाणी नोटा मोजायचा नाही, तोलायचा.
त्या जानेवारीत जत्रेतली खोटी नोट
आणि माझी खरी, शेजारी शेजारी ठेवून पाहिली.
खोटीचा कागद बरा होता.

तेव्हापासून मी पैसे साठवले नाहीत.
विटा साठवल्या.
विटेवर कुणाला शून्यं वाढवता येत नाहीत.
महिन्याला चाळीस, कधी पन्नास, कधी सातच.
सातुर्निनो म्हणायचा, बायको कोंबडीसारखी विटांवर बसलीय,
बघू, काय उबवतेय.
तीन वर्षांनी एक खोली उबली. नऊ वर्षांनी दुसरी.
गच्चीवर चारी कोपऱ्यांत सळया उभ्या सोडल्या:
वरचा मजला हेनारोचा.

पासानाकूच्या भिशीत आम्ही बारा जणी,
चिठ्ठीत माझा नंबर अकरावा.
दहा महिने दुसऱ्यांची शिवणयंत्रं, दुसऱ्यांची बारशी पाहिली.
पैसे हातात आले त्याच आठवड्यात हेनारो म्हणाला,
आई, साओ पाउलोला जातो, शिवणकामाला.
मी सिमेंट आणायला निघाले होते.
बसचं तिकीट घेऊन आले.

सळया गंजल्या. त्यांना दोरी बांधली.
पंचवीस वर्षं वरच्या मजल्यावर
माझे ओले घागरे राहतात,
आणि मागे इयिमानीचा बर्फ,
भाडं न देता.

सातुर्निनोच्या पेटीसाठी कुणी काही साठवलं नव्हतं.
तेवढी एकच वस्तू उधार मिळाली.

गेल्या वर्षी शेवटची दाढ गेली.
नात झेनोबिया म्हणाली, आजी, डबा पुरे, मोबाइलमध्ये ठेव.
तिनेच लिहून दिलं: दात, साडेतीन हजार.
आता दर रविवारी स्क्रीन उजळतो,
"अभिनंदन! अठरा टक्के पूर्ण."
म्हणजे पाचेक दात, सहावा हिरडीतून डोकावतोय.

दात होते तेव्हा भाजका मका मोजून मुलांच्या मुठीत घातला,
स्वतः आपीचं भांडं खरवडून प्यायले.
आज घरात मक्याचं पोतं आहे,
आणि मी दाणा गालात धरून बसते
तो मऊ होईस्तोवर.

तेओदोसियोने शेवटी प्लास्टर कालवलं.
मक्याच्या दाण्याएवढी कवळी, टाचणीने दात कोरलेली.
"सत्तावीसच झाले," म्हणाला, "जागा संपली."
मी किंमत पाडून मागितली. पाच दात कमी होते.

बारा. घंटा. यातिरीने दारू शिंपडली, पाकळ्या टाकल्या,
धुरात शेजारचीचा ट्रक, कुणाचं विमान, कुणाचं बाळ.
मी मूठ घट्ट मिटली,

आणि ती मला चावली.