उईकेंचा ई

रात्री अकरा दहाला मी गाडी लावतो
हिंगण्याच्या सूतगिरणीच्या गेटापाशी, वजनकाट्याच्या बाजूला.
आधी पावाची गाडी होती. अजून
मागच्या दारावर अर्धा पाव आहे, रंग उडालेला.
आत फळा, दोन बाकं, बॅटरीचा दिवा
आणि लांजेवार मॅडम, डबा मांडीवर.

दुसरी पाळी सुटते. भोंग्यानंतर पाऊण तास,
त्यातली दहा मिनिटं हात धुण्यात जातात.
भुवयांवर कापूस घेऊन लोक येतात.
कोणी बसल्या बसल्या झोपतं,
मॅडम झोपू देतात.

उईके मात्र जागे. वय छप्पन,
रिंगफ्रेमवर एकोणीस वर्षं.
सहा आठवड्यांत तीन अक्षरं पक्की केली: उ, ई, के.
मंगळवारी गळ्यातला पास काढून दिव्याखाली धरला,
बोट ठेवलं, पुन्हा ठेवलं.
"मॅडम, इथं तं दोनच हायेत.
माहा ई कुठं गेला?"

पासवर उके. हजेरीत उके. पगाराच्या चिठ्ठीवरही.
एकोणीस वर्षं दुसऱ्याच कोणाच्या नावानं
हा माणूस तुटले धागे सांधत होता.

टाइमकीपर म्हणाला, "पगार येऊन राह्यला ना बाप्पा,
मंग काहून?"

उईके काही बोलले नाहीत.
मॅडमकडून खडू मागून घेतला.

काल गाडी धुवायला काढली,
तर त्या उडालेल्या पावाच्या खाली
एक ई,
वरचा तुरा जरा जास्तच लांब.

तेवढं सोडून
बाकीची गाडी धुतली.