नुसतं पाहिलं

सावद्याच्या वजनकाट्यावर
पहिली पावती बरोबर छापायची.
दुसरी, ऑफिसात राहणारी,
गाडीचा नंबर सांगून गप्प.
वजनाच्या जागी पांढरं.

आठवडाभर सगळे डिगंबर नेहेतेकडे पाहत होते.
तोंडावर कोणी काही बोललं नाही,
फक्त चहा सांगताना एक कप कमी सांगायचे.

मी जळगावहून दुपारच्या एसटीनं गेले.
पत्र्याची केबिन, पंखा उकाडाच ढवळतोय,
बाहेर केळीचे ट्रक, चिकाचा वास.
लायब्ररी मीच निवडलेली. जुनी, सी भाषेतली,
कितीतरी काट्यांवर बिनबोभाट चालणारी.

कोडमध्ये एक ओळ घातली: आत काय आहे ते दाखव.
दाखवलं. सगळं होतं.
गाडी, स्वल्पविराम, वजन, स्वल्पविराम, वेळ.
तीच ओळ जरा खाली सरकवली.
गाडी.
पुढे काही नाही.

मधे एकच फंक्शन. नाव त्याचं ‘वाच’.

मग एकेक बाइट उघडत गेले, डाळ निवडावी तसे.
जिथे स्वल्पविराम होता तिथे शून्य.
वाचता वाचता जिथे थांबायचं
तिथे ते शून्य ठेवून जायचं,
आणि त्या भाषेत शून्य म्हणजे
मजकूर संपला.
वजन पलीकडे तसंच बसलेलं,
अठरा हजार चारशे वीस, अंक न् अंक.
तिथवर कुणी जातच नव्हतं.

बाहेर व्यापारी घड तपासत होता,
केळ्या-केळ्याला अंगठ्याचं नख.
डिगंबर म्हणाला, ‘ताई, हे बी नुस्तं पाह्यतात.
दिल्लीले पोचता पोचता डाग पडते.’

मी ओळीची आधी नक्कल करून घेतली.
‘वाच’ला म्हटलं, ही घे, हिचे तुकडे कर.
अस्सल तशीच राहू दे.
एवढंच. दीड मिनिटाचं काम,
साडेतीन तासांनंतर.

दुसरी पावती निघाली, वजनासकट.
त्यानं ती उजेडात धरली,
घडी करून खिशात ठेवली, फाईलला लावली नाही.
‘अन् आधीच्या?’
आधीच्या ओळी मेमरीतून केव्हाच पुसल्या गेलेल्या,
त्यांच्या पहिल्या प्रती
ड्रायव्हरांच्या खिशातून दिल्लीला.
मी लॅपटॉप मिटला.

केबिनीत शिरल्या शिरल्या, सकाळच्या फोनवरून,
मी आधी त्याचा ड्रॉवर उघडला होता.
तो दारातच उभा होता.
काही घेतलं नाही, काही हलवलं नाही.
नुसतं पाहिलं.