आडदांड

पान बारा. खाली डावीकडे,
लासलगावच्या कांद्याच्या भावाला टेकून
चार ओळी.
काल देवळाली कॅम्पच्या मैदानावर
नव्वद मिनिटं आणि वर पेनल्ट्या झाल्या,
त्याच्या.

मी अंबडला टर्नर आहे.
दोन थाऊची चूक झाली तर माझा जॉब भंगारात जातो,
सुपरवायझर घरच्यांची चौकशी करतो.
इथे चार-तीनचे पाच-तीन झाले
तरी पेपर साडेपाचला दारात.

बातमीदार कुठे होता, मला ठाऊक आहे.
पहिली दहा मिनिटं खुर्चीत,
अकादमीच्या मालकांशेजारी,
अकादमीने वाटलेली टोपी घालून.
मग चहा. मग बाईक.
सव्वासहाला मला फोन, "काका, शेवटी काय झालं हो?"

मी सगळं सांगितलं. सावकाश,
पोराला शुद्धलेखन घालावं तसं.
सांगितलं की इम्तियाज पिंजारी, वडाळ्याचा,
मोठ्या भावाचे बूट, पुढे चिंध्या कोंबलेल्या,
डावीकडून असा सुटला
की लाइन्समनच धापा टाकत मागे राहिला.
सांगितलं की शरणपूरचा सुहास साळवे
दोन पेनल्ट्या अडवून
सुजलेली करंगळी बर्फाच्या गोळ्यात खुपसून बसलाय,
गोळा कालाखट्टा.
हेसुद्धा सांगितलं. म्हटलं, वाचणाऱ्याला बरं वाटेल.

छापून आलं:
'आडदांड खेळापुढे अकादमीची झुंज अपुरी.'

जिंकलं कोण, ते चौथ्या ओळीत.
आणि पिंजारीचं केलं पुजारी.

शार्दूलने पोटरीवर बूट ठेवला, तो लढाऊ बाणा.
इम्तियाजने खांद्याला खांदा लावला, तो आडदांड.
पंचांच्या अंगावर दोघंही गेले होते;
एकाची ती कर्णधाराची तळमळ,
दुसऱ्याचं नावच नाही, नुसतं 'काही खेळाडूंची बेशिस्त'.
पान उलटा.
अकादमीत प्रवेश सुरू. अर्धं पान, रंगीत.

आणि हाच पेपर
वर्ल्ड कपला महिनाभर पुरवणी काढतो.
रात्री दीडला कुठल्या परदेशी पोराचा घोटा मुरगळला
तर सकाळी त्या घोट्याचं चित्र, बाण काढून, हाडांच्या नावांसकट.
फायनलनंतर अग्रलेख:
'एवढा मोठा देश, आपण कुठे कमी पडतो?'

साहेब, पान बारा.
खाली डावीकडे.

आता निघालंच आहे तर सांगतो.
आमचा बरोबरीचा गोल ऑफसाइड होता.
मी त्याच रेषेत उभा होतो,
चांगला हातभर पुढे होता इम्तियाज.
लाइन्समन मागे राहिला, हे मी फोनवर सांगितलं.
त्यामुळे काय झालं, तेवढं सांगायचं राहिलं.

रविवारी प्रॅक्टिसला तो कात्रण घेऊन आला.
प्लास्टिकच्या पाकिटात, आधार कार्डाच्या मागे,
पुजारी खोडून बॉलपेनने वर बारीक पिंजारी.
शाळा उर्दू. मराठी बोलतो झकास, वाचताना अडखळतो.
मथळ्यावर बोट ठेवून म्हणाला,
"काका, आडदांड म्हणजे?"

मी कोच नाही. नुसता येणारा माणूस.
बाटल्या भरतो, चुना मारतो, शिट्टी माझ्याकडे असते.
पलीकडे लष्कराच्या रेंजवर तोफांचा सराव चालला होता.
दोन आवाज होऊन गेले तरी मी बोललो नाही.

"मजबूत," मग म्हटलं. "भक्कम.
ज्याला कुणी हलवू शकत नाही, तो."

हसला. पाकीट मोज्यात खोचलं
आणि पळत गेला डावीकडे, आपल्या जागेवर.

मी शिट्टी वाजवली.
मग काही कारण नसताना
आणखी एकदा.